घरात कुकर आहे का?

हातातलं काम चालू राहू द्या. निवडायला घेतलेली भाजी असेल, गोधडीचा टाका असेल, काही थांबवू नका. आज मी ज्या गोष्टीबद्दल बोलणार आहे ती तुमच्या हातातल्या कामापासून फार लांबची नाही.

गोष्ट आहे ‘गरीब कोण’ हे कोण ठरवतं आणि कसं ठरवतं याची. आपण म्हणतो, त्यात ठरवायचं काय, गरिबी काय दिसत नाही? दिसते की. गावात कुणाची चूल संध्याकाळी पेटली नाही हे शेजारणीला न सांगता कळतं. कुणाच्या गोठ्यात बैलजोडी आहे, कुणी दुसऱ्याच्या बांधावर खुरपायला जातं, लग्नात कुणी किती पंगती उठवल्या, यावरून माणसं एकमेकांना तोलत आलेली आहेत. पण सरकारला शेजारीण नसते. त्याला कागद लागतो, आकडा लागतो आणि रेघ लागते. ही रेघ गेल्या दीडशे वर्षांत कशी सरकत गेली, ते आज बघू. आधी आमच्या आत्याची हकिकत सांगते, म्हणजे मी हे का शोधत बसले ते तुम्हाला कळेल.

आत्याला नवऱ्यानं टाकलेली. पंचविशीत माहेरी आली ती कायमची. भावाच्या घराला लागून पत्र्याची एक पडवी होती, तिथं तिची चूल वेगळी. रोजंदारीला जायची, दिवाळी-संक्रांतीला लोकांच्या गोधड्या शिवून द्यायची. मला नोकरी लागली तेव्हा पहिल्या पगारातून मी तिला तीन लिटरचा कुकर नेऊन दिला. सरपण वाचेल, डाळ लवकर शिजेल, एवढाच विचार.

मग दारिद्र्यरेषेची २००२ची पाहणी आली. तुमच्यातल्या पुष्कळ जणींना ती आठवत असेल. तेरा प्रश्न, प्रत्येक प्रश्नाला शून्य ते चार गुण, एकूण बावन्न. गुण कमी तितकी गरिबी जास्त. शाळेच्या बरोबर उलटं. त्यात एक प्रश्न होता, घरात टीव्ही, पंखा, रेडिओ, कुकरसारखी स्वयंपाकघरातली वस्तू यांपैकी काय काय आहे? काहीच नसेल तर शून्य, एक असेल तर एक, दोन असतील तर दोन. आत्याकडे माझा कुकर आणि भावानं टाकून दिलेला रेडिओ. दोन गुण.

दुसरा प्रश्न, माणशी कपडे किती? दोनपेक्षा कमी असतील तर शून्य, दहा किंवा त्याहून जास्त असतील तर चार. आता कोपऱ्यात जुन्या साड्यांचा ढीग. गोधडीसाठी लोकांनी आणून दिलेल्या. पाहणीला आलेल्या माणसानं त्या मोजल्या की नुसतं बघून लिहिलं, देव जाणे. पण तीन गुण पडले.

जेवणाचा प्रश्न होता. आत्या ताठ मानेची. म्हणाली, “दोन येळचं खाते. कुणाच्या दारात जात न्हाई.” झालं, गुण वाढले. कर्ज? “कुणाचा छदाम न्हाई.” आणखी गुण. कामासाठी गाव सोडून जाता का? “न्हाई बा.” पुन्हा गुण. आणि शेवटचा प्रश्न असा होता, सरकारकडून कुठली मदत हवी? तिनं सांगितलं, घर. आता ऐका. त्या तक्त्यात मजुरीचं काम मागितलं तर शून्य आणि घर मागितलं तर तीन गुण होते. म्हणजे पत्र्याच्या पडवीत राहणाऱ्या बाईनं घर मागितलं आणि त्यामुळेच ती घर मिळण्यापासून तीन गुणांनी लांब गेली. यादीत तिचं नाव लागलं नाही. घरकुल नाही, काही नाही.

कुकरचे ते गुण माझ्या मनातून बरेच दिवस गेले नाहीत. तिथून मी हे सगळं वाचायला लागले.

गरिबीची रेघ आपल्या देशात पहिल्यांदा आकड्यांत मांडली ती दादाभाई नौरोजींनी. मुंबईचे दादाभाई. एल्फिन्स्टन कॉलेजात गणित शिकवायचे, १८४९ साली मुंबईत मुलींच्या शाळा निघाल्या तेव्हा त्या कामातही पुढे होते. त्या काळी इंग्रज अधिकारी म्हणत, हिंदुस्थान सुखी आहे, रेल्वे आली, तारा आल्या. दादाभाईंनी सरकारचीच पुस्तकं उघडली. १८६७-६८ सालचं प्रत्येक प्रांताचं पीक, खाणी, मीठ, सगळं जमेस धरलं, माणसांच्या संख्येनं भागलं आणि उत्तर आलं माणशी वर्षाला २० रुपये. मग त्यांनी विचारलं, माणसाला नुसतं जगायला किती लागतात? हे शोधायला ते कुठे गेले? परदेशी मजुरीला जहाजातून नेल्या जाणाऱ्या कुलींना काय शिधा दिला जातो, ते त्यांनी पाहिलं. तुरुंगातल्या कैद्यावर सरकार खाण्या-कपड्याला किती खर्च करतं, ते पाहिलं. प्रांताप्रांताच्या भावानं ही रक्कम माणशी वर्षाला १६ ते ३५ रुपयांच्या दरम्यान येत होती. म्हणजे सरकार चोराला जेवढं खायला घालतं तेवढंही मोकळ्या रयतेच्या वाट्याला धड येत नाही. आणि हे सगळ्यांचं पीक सगळ्यांत सारखं वाटलं असं धरून. खरं वाटप कुठं सारखं असतं!

१८७६ साली त्यांनी मुंबईत हा निबंध वाचला. त्याच वर्षी दख्खनमध्ये पाऊस दगा देऊन गेला. सोलापूर, सातारा, विजापूर, नगर, सगळा दुष्काळी पट्टा. सरकारनं खडी फोडायची, तळी खोदायची कामं काढली आणि सर रिचर्ड टेंपल यांनी मजुरीचा नवा हिशेब बसवला. मोठ्या पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य, म्हणजे अर्ध्या किलोलाही थोडं कमी, आणि वर एक आणा. बायकांना त्याहून कमी. मद्रासकडचे डॉक्टर कॉर्निश यांनी सांगून पाहिलं की एवढ्यावर काम करणारा माणूस तगत नाही. मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी कामं सोडून दिली. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं गावोगावची माहिती गोळा करून सरकारला अर्जावर अर्ज पाठवले. एका बाजूला दादाभाई मोजत होते माणसाला किती लागतं, दुसऱ्या बाजूला सरकार मोजत होतं माणूस किती कमीत जिवंत राहतो. हे दोन हिशेब वेगळे आहेत, मैत्रिणींनो. पुढे स्वराज्य आलं तरी ह्या दोन हिशेबांची गल्लत काही थांबली नाही.

आता थेट १९६२. नियोजन आयोगानं एक गट बसवला. त्यात आपले धनंजयराव गाडगीळ होते, अशोक मेहता होते, व्ही. के. आर. व्ही. राव होते. मोठी माणसं. त्यांनी ठरवलं, १९६०-६१च्या भावानं माणशी महिना २० रुपये ही किमान गरज. खेड्यातल्या पाच माणसांच्या घराला महिना १०० रुपये, शहरात १२५. त्यात दवाखाना आणि शाळेचा खर्च धरलेला नव्हता, कारण तो सरकार करणार असं गृहीत होतं. हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे महागाईप्रमाणे रेघ सरकवत राहिले, पण दवाखाना आणि शाळा काही फुकट झाली नाही. ज्या बाईनं मुलाच्या तापासाठी मंगळसूत्र गहाण टाकलं, ती रेघेच्या वरच राहिली. आणि हो, त्या गटाच्या यादीत मला एकाही बाईचं नाव सापडलं नाही. पाच माणसांचं घर १०० रुपयांत चालवायचं कुणी, हा प्रश्न तिथं कुणी विचारला असेल का, कोण जाणे.

मग पुण्याचे वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ. गोखले अर्थशास्त्र संस्थेतले. १९७१ साली त्यांचं ‘पॉव्हर्टी इन इंडिया’ आलं. त्यांनी रेघ पोटावरून आखली. माणसाला दिवसाला २२५० उष्मांक मिळाले पाहिजेत, आणि ज्या घरांना तेवढं अन्न मिळतं ती घरं एकूण किती खर्च करतात ते पाहायचं. खेड्यात वर्षाला माणशी १८० रुपये, शहरात २७० रुपये, १९६०-६१च्या भावानं. यापेक्षा कमी खर्च करणारे खेड्यात सुमारे ४० टक्के आणि शहरात सुमारे ५० टक्के निघाले. स्वातंत्र्य मिळून वीस-बावीस वर्षं झालेली, आणि जवळजवळ निम्म्या देशाला पोटभर नाही, हे पुस्तकात छापून आलं. मोठी खळबळ झाली.

ह्या उष्मांकाबद्दल जरा थांबून बोलते, कारण तो आपल्या चुलीचा विषय आहे. घराची गरज काढताना हे शास्त्रज्ञ माणसं नुसती मोजत नाहीत, त्यांचं वजन लावतात. एका जुन्या आणि पुष्कळ वापरलेल्या मापात मोठा पुरुष म्हणजे एक, आणि मोठी बाई म्हणजे ०.८३. तिचं शरीर लहान, तिला कमी लागतं, हा हिशेब. असेलही शास्त्राला धरून. पण दोन कोसांवरून पाणी आणायचं, सरपण तोडायचं, दिवसभर वाकून भांगलायचं आणि वर अंगावर पाजायचं, ह्याचे उष्मांक त्या ०.८३ मध्ये बसतात का? शिवाय सगळा खर्च घराचा धरून माणसांनी भागला जातो. म्हणजे घरात डाळ आली की ती सगळ्यांच्या ताटात सारखी गेली असं कागद म्हणतो. तुम्ही आणि मी जाणतो, शेवटी जेवायला कोण बसतं आणि तेव्हा कालवणात काय उरलेलं असतं. घर रेघेच्या वर आणि त्याच घरातली सून रेघेच्या खाली, असं होऊ शकतं. ती कुठल्याच तक्त्यात दिसत नाही.

अमेरिकेतही रेघ पोटावरूनच आखली गेली, आणि ती आखणारी एक बाई होती, मॉली ऑर्शान्स्की. गरीब घरातली, सरकारी खात्यात आकडेमोड करणारी. १९६३ च्या सुमारास तिनं पाहिलं की तिथली कुटुंबं कमाईचा साधारण तिसरा हिस्सा खाण्यावर घालवतात. मग सर्वांत काटकसरीच्या आहाराचा खर्च घेतला, त्याला तिनानं गुणलं, झाली रेघ. तो आहार खरं तर तात्पुरत्या अडचणीसाठी आखलेला होता, कायम जगण्यासाठी नव्हे. आणि तेवढ्यात भागवायला घरची बाई बाजारहाटात हुशार आणि रांधण्यात तरबेज असली पाहिजे, हे ऑर्शान्स्कीला ठाऊक होतं. रेघेखाली बाईचे कष्ट फुकटात धरलेले असतात, हे तिच्या लक्षात आलं होतं. आपल्याकडच्या कागदांत ते सहसा कुणी लिहीत नाही.

असो. दांडेकर-रथांचं पुस्तक आलं आणि वर्षभरात महाराष्ट्रात १९७२चा दुष्काळ पडला. तुमच्या सासवांना विचारा, त्या सुकडी आणि मिलो ज्वारीच्या गोष्टी सांगतील. मुंबईत त्याच वेळी महागाईविरुद्ध बायका रस्त्यावर आल्या. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी, सगळ्या पक्षांतल्या बायका एकत्र. हातात लाटणी आणि थाळ्या. तेल कुठं आहे, साखर कुठं आहे, रॉकेल कुठं आहे, हा त्यांचा सवाल. त्यात गिरणी कामगाराची बायको होती आणि कारकुनाचीही. त्यांना कुणी विचारलं नाही की बाई, तुम्ही रेघेच्या वरच्या की खालच्या.

आणि खेड्यात निघाली रोजगार हमी. वि. स. पागे यांची ही कल्पना. मला स्वतःला वाटतं, गरीब कोण हे ठरवण्याची महाराष्ट्राला सुचलेली ही सर्वांत शहाणी रीत. का? कारण त्यात ठरवायचंच नव्हतं. यादी नाही, गुण नाहीत, कपडे मोजायचे नाहीत. खेड्यातला जो कुणी मोठा माणूस अंगमेहनतीचं काम मागेल त्याला पंधरा दिवसांत काम द्यायचं. उन्हात खडी फोडायला ज्याची गरज आहे तोच येणार, मग तपासायचं कशाला? १९७७ साली कायदा झाला, १९७९च्या २६ जानेवारीपासून लागू झाला. पैसा उभा केला शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसवून. आज पगाराच्या चिठ्ठीवर तो कर दिसला की लक्षात ठेवा, त्याचं मूळ तिथं आहे. त्या कामांवर बायका केवढ्या संख्येनं गेल्या! आत्याही गेली. पाझर तलावाच्या मातीच्या पाट्या वाहिल्या. सरकारनं तिला एकही प्रश्न न विचारता पैसे दिले ते तेवढ्या एका ठिकाणी, असं ती म्हणायची. मजुरी कमी होती, उशिरा यायची, हजेरीत घोळ व्हायचे, तेही ती सांगायची. दोन्ही खरं.

नंतर मात्र याद्यांचे दिवस आले. १९९७ पर्यंत रेशनकार्ड सगळ्यांना होतं. मुंबईत १९४३ साली युद्धाच्या टंचाईत रेशन सुरू झालं तेव्हा शेठजीही कार्ड घेऊन रांगेत आणि हमालही. १९९७ मध्ये केंद्रानं ठरवलं की स्वस्त धान्य गरिबांनाच. मग गरीब शोधणं आलं. महाराष्ट्रात १९९९च्या १ मेपासून कार्डांना रंग आले. पिवळं, केशरी आणि पांढरं. पिवळ्यासाठी वर्षाचं उत्पन्न १५,००० रुपयांपर्यंत. घरात डॉक्टर, वकील, सी.ए. नको, फोन नको, चारचाकी नको, जमिनीची मर्यादा. १५,००१ ते एक लाख केशरी. त्याच्या वर पांढरं. बायकांच्या बोलण्यात रंगच आले बघा. “त्यांचं काय, पिवळं हाय,” “आमचं मेलं केशरी.” सोयरीक जमवतानाही कार्डाचा रंग विचारलेला मी ऐकलाय.

यातली खरी मेख पुष्कळांना माहीत नसते. गावात किती गरीब निघाले यावर यादीची लांबी ठरत नव्हती. दिल्लीत नियोजन आयोग नमुना पाहणीवरून राज्यात किती टक्के गरीब याचा अंदाज काढायचा, आणि यादी त्या आकड्यात बसवावी लागायची. म्हणजे पातेल्यात भाकरी किती ते आधी ठरलेलं, आणि मग जेवणारे त्या मापानं कमी करायचे. २००२चे ते तेरा प्रश्न कशासाठी होते, तर ही कापाकापी गुणांवर करता यावी म्हणून. आत्याचं नाव वगळणारा माणूस दुष्ट नव्हता. एकाला आत घेतलं तर दुसऱ्याला बाहेर काढायला लागणार, हे त्यालाही माहीत होतं. ह्या पद्धतीवर पुढे एन. सी. सक्सेना समितीनंही टीका केली. खरे गरीब पुष्कळ सुटले आणि नको ते आत आले, हे सरकारी अहवालातच आलं.

रेघेची मोठी चेष्टा झाली २०११ साली. सुप्रीम कोर्टात नियोजन आयोगानं लिहून दिलं, शहरात दिवसाला माणशी ३२ रुपये आणि खेड्यात २६ रुपये खर्च करणारा गरीब धरला जाणार नाही. त्या वेळी आमच्या बचतगटाच्या बैठकीत आम्ही बायकांनी पाटीवर हिशेब मांडला होता. २६ रुपयांत पीठ, तेल, मीठ, साबण, पोराची वही आणि तालुक्याची एस.टी. एस.टी.पर्यंत आम्ही पोचलोच नाही. ही रेघ सुरेश तेंडुलकर समितीची होती. तेंडुलकर हे आपल्यातलेच, मोठे अर्थशास्त्रज्ञ, आणि न्यायाची गोष्ट सांगायची तर त्यांनी जुन्या उष्मांकांच्या रेघेत सुधारणा केली होती. शाळा आणि दवाखान्याचा खर्च धरला होता, त्यामुळे खेड्यातले गरीब आधीपेक्षा जास्त मोजले गेले. शिव्या मात्र त्यांच्या नावाला बसल्या. रंगराजन समितीनं २०१४ मध्ये रेघ थोडी वर नेली, खेड्यात दिवसाला ३२ आणि शहरात ४७. ती काही सरकारनं स्वीकारली नाही. आता नीती आयोग वेगळ्या रीतीनं मोजतो. बारा गोष्टी बघतो. त्यात स्वयंपाकाचं इंधन आहे, बाळंतपणातली काळजी आहे, बँकेचं खातं आहे. दादाभाईंपासून दीडशे वर्षांनी चुलीचा धूर हिशेबात आला म्हणायचा.

पण आज तुमच्या-माझ्या दारात एक रेघ नाही, दहा आहेत. संजय गांधी निराधार योजनेला वर्षाचं कौटुंबिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत लागतं. अन्नसुरक्षेच्या प्राधान्य यादीला खेड्यात ४४,००० आणि शहरात ५९,०००. लाडकी बहीण २०२४ मध्ये आली, तिला अडीच लाख. आर्थिकदृष्ट्या दुर्बल म्हणून आरक्षण हवं असेल तर आठ लाखांच्या आत. तेच घर एका खिडकीवर गरीब आणि दुसऱ्या खिडकीवर श्रीमंत. आणि एक गंमत करून बघा. लाडक्या बहिणीचे महिना १,५०० म्हणजे वर्षाचे झाले १८,०००. पिवळ्या कार्डाची १९९९ची मर्यादा होती १५,०००. नुसत्या भावाच्या ओवाळणीनं बहीण पिवळ्या रंगाबाहेर!

२१,०००चा दाखला काढायला गेलेल्या बाईला विचारा काय होतं ते. रोज २०० रुपये मजुरी धरली आणि वर्षात शंभराच्या वर दिवस काम मिळालं तर ती निराधार उरत नाही. म्हणून खोटा आकडा लिहावा लागतो. तिलाही माहीत, लिहिणाऱ्यालाही माहीत. प्रामाणिक बाईला सरकारच खोटं बोलायला लावतं, आणि मग कधीतरी तपासणी आली की चोर ती ठरते. मला सर्वांत राग ह्याचा येतो.

आता आत्याचं पुढं सांगते. तिला स्वतंत्र रेशनकार्ड हवं होतं. जनगणनेच्या भाषेत कुटुंब म्हणजे एका चुलीवर जेवणारी माणसं. त्या हिशेबानं आत्या म्हणजे एक पूर्ण कुटुंब. पण कार्डाच्या खिडकीवर म्हणाले, आधी सासरच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला आणा. ज्या घरानं तीस वर्षं तोंड पाहिलं नाही त्या घरी जाऊन आत्यानं माझं नाव खोडा म्हणून विनवायचं. ती दोनदा गेली. पहिल्यांदा नवरा घरी नव्हता. दुसऱ्यांदा होता, तर म्हणाला, नाव कशाला खोडायचं, तुझ्या नावचं धान्य येतंय की. तुम्हाला हसू येईल. मलाही आधी आलं होतं.

२०११ साली पुन्हा पाहणी आली, सामाजिक आणि आर्थिक गणना. ह्या वेळी गुण नव्हते. सरळ ‘आहे’ किंवा ‘नाही’. फ्रिज आहे का, फोनची लाइन आहे का, दुचाकी आहे का, तीन पक्क्या खोल्या आहेत का. यातलं एक जरी ‘आहे’ निघालं तरी घर बाहेर. आणि उरलेल्यांत सात प्रकारचं वंचितपण बघायचं. कच्च्या भिंतींची एकच खोली. सोळा ते एकोणसाठ वयाचं कुणीच घरात नाही. कर्ती बाईच, मोठा पुरुष नाही. पंचविशीच्या वरचं कुणी लिहितं-वाचतं नाही. जमीन नाही, मजुरीवर पोट. सातांतल्या या पाच आत्याला लागू पडल्या. एकट्या बाईचं घर हे वेगळं घर आहे, हे ह्या सरकारी कागदानं सरळ लिहिलं.

मग २०१३चा अन्नसुरक्षा कायदा. त्यात एक कलम आहे. रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या अठरा वर्षांवरच्या सर्वांत मोठ्या बाईचं नाव. घरात अशी बाई नसेल तरच पुरुषाचं, तेही मुलगी अठराची होईपर्यंतच. इतकी वर्षं ‘कर्ता पुरुष’ लिहिणाऱ्या रकान्यात बाई बसली. आपल्या राज्यात सुमारे सात कोटी लोक ह्या कायद्याखाली धान्याचे हक्कदार आहेत. तुमचं कार्ड काढून पहिलं पान बघा. अजून सासऱ्यांचं किंवा नवऱ्याचं नाव असेल तर बदलून मागा. आत्याला कार्ड मिळालं ते यानंतर, आणि तेही सासरच्या गावच्या एका ओळखीच्या बाईनं मधे पडून तो दाखला आणून दिला म्हणून. अंत्योदयात महिना ३५ किलो. एकट्या बाईला ३५ किलो कशाला, असं गावात काही जण बोलले. आत्या म्हणाली, “तीस वर्सांचं ऱ्हायलंय मागं.”

एक सांगायचं राहिलं. २०११ची ती पाहणी आली तेव्हा आत्यानं आदल्या रात्री कुकर नेऊन भावाच्या गोठ्यात कडब्याच्या गंजीत लपवला होता. बिचारीला कुठं माहीत, ह्या खेपेला कुकरचा प्रश्नच नव्हता. पाहणीवाली बाई होती, अंगणवाडीकडची. तिनं फळीवर राहिलेली शिट्टी बघितली आणि काही न बोलता पुढचा प्रश्न विचारला.

पुढच्या मंगळवारी याच वेळेला आपण नाव कमी करण्याच्या अर्जाबद्दल बोलू. परित्यक्ता मैत्रिणींना त्यात काय अडचणी येतात, कुठले कागद लागतात. तुमच्याकडं असा अनुभव असेल तर केंद्रावर येऊन सांगा. येताना कार्ड घेऊन या, कुठल्याही रंगाचं असलं तरी.